गोडसे भटजींचा प्रवास, वैद्यांची लेखणी : प्रवासवर्णन साधन म्हणून वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे : "तुमची प्राथमिक साधनं कोणती?" विषय १८५७ च्या आसपासचा असेल, तर उमेदवार ठोकून सांगतो, "विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. प्रत्यक्षदर्शी मराठी माणसाचं लेखन आहे." उत्तर बरोबर आहे. पण समोरच्या तज्ज्ञानं शांतपणे विचारलं, "कुठलं 'माझा प्रवास'? १९०७ चं की १९६६ चं?", तर बरेच जण गडबडतात. दोन आवृत्त्यांत असा काय मोठा फरक असणार, असं आपल्याला वाटत असतं. तर फरक आहे. आणि तो समजून घेतला, तर कुठलंही जुनं प्रवासवर्णन कसं वाचायचं याचा अर्धा धडा तिथंच मिळतो.

आजच्या लेखात हेच बघू. एका माणसानं प्रवास केला आणि लिहून काढला. दुसऱ्यानं तो वाचला. हा दुसरा माणूस पुढं इतिहासकार आणि कादंबरीकार म्हणून नावाला आला. त्यानं त्या लेखनाचं काय केलं, आणि त्याचा आपल्या संशोधनाशी काय संबंध?

आधी माणसं ओळखून घ्या

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज होतं. अशात बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळणार आहे. (आपल्याकडच्या वाचकांसाठी : या बायजाबाई म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक, सर्जेराव घाटग्यांची मुलगी आणि दौलतराव शिंद्यांची पत्नी.) म्हणजे गोडसे भटजी घराबाहेर पडले ते इतिहास बघायला नव्हे, कर्ज फेडायला. १८५७ साली काकांबरोबर ते उत्तरेकडे चालत निघाले, आणि महूच्या वाटेवर असतानाच बंडाची खबर कानावर आली.

पुढं जे घडलं, त्यामुळं हे पुस्तक आज आपल्या यादीत आहे. भटजी झाशीला पोचले आणि राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरात होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि पाळीपाळीनं झालेली लूट त्यांनी पाहिली. कसेबसे निसटले, वाटेत लुबाडले गेले. काशी वगैरे तीर्थं करून गंगेची कावड खांद्यावर घेऊन शेवटी वरसईला परतले, ते जवळजवळ रिकाम्या हातानं. कर्जासाठी निघालेल्या माणसाच्या हाती गंगाजल तेवढं उरलं. आई-वडिलांना त्याचं स्नान घातलं, हीच काय ती कमाई.

आता दुसरा माणूस. चिंतामण विनायक वैद्य, जन्म १८६१, कल्याणचे. गोडसे हे वैद्यांच्या घराण्याचे उपाध्ये. या दोघांना 'मित्र' म्हणणं सैल होईल. वयात मोठं अंतर, एक मुंबईत इंग्रजी शिकलेला तरुण, दुसरा दक्षिणेवर जगणारा भिक्षुक. यजमान-उपाध्याय हेच नातं नेमकं. पण घरोबा होता, आणि भटजींच्या तोंडून प्रवासाच्या गोष्टी ऐकायला मिळाव्यात एवढी जवळीक होती.

वैद्यांनी त्यांच्या मागं लागून हे सगळं लिहवून घेतलं. साल होतं १८८३. म्हणजे घटना घडून पाव शतक उलटलेलं, आणि लिहवून घेणारा बाविशीच्या आसपासचा. हे लेखन छापून निघालं १९०७ साली, वैद्यांनी संपादित करून. तोपर्यंत गोडसे भटजी हयात राहिले नव्हते. स्वतःचं पुस्तक त्यांनी छापील रूपात पाहिलंच नाही.

वैद्यांनी वाचून काय केलं?

आपण वाचलं की मनात दाद देतो, फार तर समाजमाध्यमावर चार ओळी टाकतो. वैद्यांनी या एका लेखनाला जवळपास चाळीस वर्षांत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी प्रतिसाद दिला.

पहिल्यांदा मागणी केली. हे आपण सहज विसरतो. गोडसे भटजींनी आपण होऊन ग्रंथ लिहायला घेतला नव्हता. कोणीतरी म्हणालं, "हे लिहून ठेवा," म्हणून लिहिलं. मागणी करणाऱ्याला कशात रस आहे हे सांगणाऱ्याला कळत असतं. आजीला तुम्ही फाळणीबद्दल विचारलंत तर ती फाळणीच आठवणार, त्या वर्षीची लोणची नाही आठवणार. तेव्हा पुस्तकात बंडाला किती जागा मिळाली आणि यज्ञ, दक्षिणा, तीर्थं यांना किती, हे मोजताना लिहवून घेणारा शेजारी बसलेला आहे असं समजा.

दुसऱ्यांदा दुरुस्ती केली. १९०७ च्या आवृत्तीत वैद्यांनी भटजींची भाषा त्या काळच्या शिष्ट ग्रांथिक वळणावर नेली. काही मजकूर गाळला. काही ठिकाणी स्वतःच्या माहितीतून भर घातली. मधल्या काळात वैद्य ग्वाल्हेर संस्थानात न्यायखात्यात मोठ्या पदावर राहिले होते, तो मुलूख त्यांना ठाऊक होता. त्यामुळं गावाचं नाव, अंतर, माणसाचा हुद्दा यांत कुठं भटजींची आठवण बोलते आणि कुठं वैद्यांचं ज्ञान, हे नुसत्या छापील पानावरून सांगता येत नाही.

तिसऱ्यांदा जपणूक केली. १९२२ साली वैद्यांनी मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलं. त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला. आपण वैद्यांच्या चुका आज काढू शकतो, त्या वैद्यांनीच हस्तलिखित सांभाळलं आणि योग्य ठिकाणी सोपवलं म्हणून. छापून झालं की हस्तलिखित रद्दीत, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार होता. त्यामुळं वैद्यांना नुसतं "पाठ बिघडवणारे" म्हणून मोकळं होऊ नका. त्यांनी मागितलं नसतं तर लेखन झालंच नसतं, आणि त्यांनी जपलं नसतं तर मूळ काय होतं हे कळलं नसतं.

१९०७ चा काळ लक्षात घ्या

बंडाला पन्नास वर्षं झाली, त्या साली हे पुस्तक येतंय. वंगभंगानंतरचा तापलेला काळ. पुढच्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना मंडालेला नेलं. १९०९ मध्ये सावरकरांचं १८५७ वरचं पुस्तक इंग्रजीत निघालं, त्यावर तर प्रसिद्ध होण्याआधीच बंदी आली. अशा वेळी इंग्रजी फौजेनं केलेल्या कत्तलीचं मराठी वर्णन छापणाऱ्यानं चार शब्द इकडचे तिकडे केले असतील, तर त्याला भित्रा म्हणून निकाल लावायची घाई करू नका. आधी शब्द बघा. भटजी 'बंड' म्हणतात. हा १८८३ मधल्या एका कोकणी भिक्षुकाच्या तोंडचा साधा शब्द आहे. त्यातून "गोडसे इंग्रजधार्जिणे होते" किंवा उलट "गोडसे राष्ट्रवादी होते" असं काहीही सिद्ध होत नाही. आपल्या शतकातली लेबलं त्या शतकातल्या माणसाला चिकटवायची नसतात, हे तुम्ही नेटच्या तयारीत पाठ केलेलं आहेच. इथं ते वापरायची वेळ येते.

साक्षीदार दोन की एकच?

ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून थोडं सावकाश.

१८८३ ला गोडशांचं लिहून झालं. १९०७ ला छापलं. मधे १८९४ साली दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचं राणी लक्ष्मीबाईंचं मराठी चरित्र प्रसिद्ध झालं. म्हणजे वैद्य संपादन करत होते तेव्हा राणींवरचं छापील मराठी साहित्य बाजारात होतं.

समजा, तुम्हाला झाशीच्या वेढ्यातला एखादा तपशील पारसनिसांच्या चरित्रात सापडला आणि तोच १९०७ च्या 'माझा प्रवास'मध्येही सापडला. तुम्ही आनंदानं लिहाल : "या घटनेला दोन स्वतंत्र साधनांचा दुजोरा मिळतो." थांबा. तो तपशील भटजींनी लिहिलेला आहे, की वैद्यांनी इतर वाचनातून घातलेला? दुसरी शक्यता खरी असेल, तर तुमचे दोन साक्षीदार म्हणजे एकच साक्षीदार आणि त्याचा प्रतिध्वनी. हे तपासायला एकच मार्ग : १९६६ चा पाठ उघडायचा. तिथं तो तपशील असेल तर दुजोरा बळकट. नसेल तर तळटीपेत तसं सांगायचं.

राणी आणि भटजी यांची विहिरीवरची भेट तुम्ही ऐकलेली असेल. पराभवानंतर धुळीनं माखलेली राणी, पाणी काढायला पुढं झालेले भटजी, आणि त्यांना थांबवून स्वतः पाणी काढणारी राणी. कादंबऱ्या, नाटकं, भाषणं, सगळीकडं हा प्रसंग फिरतो. पण तो सांगणारा माणूस कोण? एकटे गोडसे. मग हा प्रसंग कितीही वेळा छापला गेला, तरी त्याचे साक्षीदार वाढत नाहीत. प्रबंधात तो जरूर घ्या, पण "गोडसे सांगतात" असं म्हणून घ्या. आणि घेण्याआधी दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचा.

भाषांतरांच्या बाबतीतही हाच नियम. हिंदीत हे पुस्तक अमृतलाल नागर यांनी 'आँखों देखा गदर' या नावानं आणलं. नागरही कादंबरीकारच. पण त्यांचं भाषांतर पोतदारांचा पाठ निघण्याआधीचं आहे. तेव्हा त्यांच्या हातात छापील काय होतं? वैद्यांचं पुस्तक. इंग्रजी भाषांतरं तर २०१० नंतरची. त्यातलं कुठलंही वापरायचं झालं तर आधी प्रस्तावनेत बघा, भाषांतरकारानं कुठला पाठ धरलाय.

आणि 'दुर्दैवी रंगू'चं काय?

१९१४ साली वैद्यांची 'दुर्दैवी रंगू' ही कादंबरी आली. पार्श्वभूमी पानिपतच्या १७६१ च्या युद्धाची. म्हणजे 'माझा प्रवास' छापल्यानंतर सात वर्षांनी. आता मोह होतो बघा. उत्तरेकडं गेलेली मराठी माणसं, भोवती कोसळणारा इतिहास, आणि त्यात सापडलेला एक सामान्य जीव. शीर्षकातसुद्धा सेनापतीचं नाव नाही, एका मुलीचं नाव आहे. भटजींचं हस्तलिखित वर्षानुवर्षं जवळ बाळगलेल्या माणसानंच हे लिहावं! मग लिहून टाकू का, की "गोडशांच्या वाचनातून 'दुर्दैवी रंगू' जन्मली"?

नाही. साम्य दिसणं ही सुरुवात असते. प्रभाव म्हणायला पुरावा लागतो : प्रस्तावनेतला उल्लेख, पत्र, उचललेला प्रसंग, सारखी शब्दयोजना. तो मिळेपर्यंत हे "संशोधनाचा प्रश्न" या रकान्यात राहू द्या. तसा प्रश्न म्हणून तो छान आहे, मराठी आणि इतिहास या दोन्ही विभागांत चालेल. आणखी एक भान ठेवा. १९०७ मध्ये वैद्य कादंबरीकार झालेले नव्हते. 'कादंबरीकारानं साधन रंगवलं' हे वाक्य ऐकायला झकास आहे, पण कालक्रमात नीट बसत नाही. १९०८ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले वैद्य हे अभ्यासक, टीकाकार म्हणून मान्यता मिळालेले गृहस्थ होते. तारखा आधी मांडा, मग वाक्य रचा.

कोल्हापूरची रोजनिशी

हे सगळं झाशी-ग्वाल्हेरचं झालं. आपल्या गावाचं एक उदाहरण शेजारी ठेवलं, की मुद्दा आणखी उघड होतो.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपला गेले. प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. आर्नो नदीच्या काठी अंत्यसंस्कार झाले, तिथं आजही त्यांचं स्मारक आहे. ज्या राजाराम कॉलेजचं नाव आपण रोज घेतो, ते याच महाराजांचं. त्यांची रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. संपादक होते कॅप्टन एडवर्ड वेस्ट, या प्रवासात महाराजांबरोबर असलेले ब्रिटिश अधिकारी.

आता दोन्ही पुस्तकं समोर ठेवा. गोडशांनी पाव शतकानंतर आठवून लिहिलं, महाराजांनी चालू प्रवासात लिहिलं. त्या हिशेबानं रोजनिशी जास्त भरवशाची वाटते. पण पुढं बघा. दोघांनीही आपलं पुस्तक छापून आलेलं पाहिलं नाही. "हे मी असं लिहिलं नव्हतं," असं म्हणायला दोघंही उरले नव्हते. गोडशांच्या बाबतीत यजमानाच्या हाती कलम होती, महाराजांच्या बाबतीत सरकारी अधिकाऱ्याच्या. भटजी गरीब म्हणून, आणि राजे राजे असूनही पोलिटिकल खात्याच्या नजरेखाली म्हणून, दोघांचाही शेवटचा शब्द त्यांचा स्वतःचा नव्हता.

गोडशांचा मूळ पाठ शेजारी ठेवून ताडता येतो. रोजनिशीच्या बाबतीत तुम्ही वाचता ती वेस्टची छापील आवृत्ती. म्हणून "महाराजांना लंडनबद्दल असं वाटलं" असं बेधडक लिहू नका. "वेस्टसंपादित छापील रोजनिशीत अशी नोंद आहे" असं लिहा. वाक्य लांब होतं, थोडं रटाळही होतं, पण व्हायवाला तेच तुम्हाला वाचवतं.

मग तुम्ही करायचं काय?

कुठलंही प्रवासवर्णन साधन म्हणून हातात आलं, की वहीच्या पहिल्या पानावर तारखा लिहून काढा : प्रवास कधी, लेखन कधी, छपाई कधी, आणि मूळ पाठ वेगळा निघाला असेल तर तो कधी. गोडशांचं उदाहरण : १८५७, १८८३, १९०७, १९६६. एवढ्यानंच निम्मे प्रश्न सुचतात. प्रत्येक दोन तारखांमधल्या काळात काय घडलं, कोणती पुस्तकं आली, सरकार कसं वागत होतं, हे शोधत गेलात की तुमच्या आराखड्यातला 'साधनांची चिकित्सा' हा भाग आपोआप भरतो.

त्यानंतर एक सराव करा. झाशी पडल्यानंतरच्या वर्णनाची पाच-सहा पानं दोन्ही आवृत्त्यांतून काढा. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. एका रंगानं १९०७ मध्ये गाळलेलं खूण करा, दुसऱ्यानं नव्यानं आलेलं, तिसऱ्यानं बदललेले शब्द. पहिला रंग सांगेल की १९०७ च्या संपादकाला काय छापणं परवडत नव्हतं किंवा शोभत नव्हतं. दुसरा सांगेल त्याचं वाचन काय होतं. तिसरा रंग सगळ्यात दुर्लक्षित राहतो, आणि भाषेच्या अभ्यासकाला तोच सोन्याचा. एकोणिसाव्या शतकातला भिक्षुक बोलायचा कसा आणि विसाव्या शतकातला पदवीधर त्याला बोलायला लावायचा कसा, ते तिथं दिसतं. एक दिवसाचं काम आहे. त्यातून एक शोधनिबंध सहज उभा राहतो.

ग्रंथालयात गेलात की पुस्तकाच्या नावाबरोबर आवृत्तीचं साल विचारायची सवय लावा. विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय असो, की १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर असो, कपाटातलं पुस्तक काढून आधी मुखपृष्ठामागचं पान बघा. पुनर्मुद्रणावर नुसतं नव्या छपाईचं साल असतं आणि आत मजकूर जुन्याच आवृत्तीचा असतो, हे मराठी पुस्तकांत फार होतं.

साक्षीदाराची मर्यादाही ओळखा. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला. तुमचा विषय तो असेल, तर गोडसे कितीही रसाळ असले तरी तिथं तुमच्या कामाचे नाहीत. ते तेव्हा उत्तरेत होते. "१८५७ वरचं मराठी साधन" म्हणून त्यांना ओढून आणू नका. त्यापेक्षा मोडी शिका आणि इथल्या पुराभिलेखागारात बसा.

शेवटी संदर्भ द्यायचा कसा, ते. "गोडसे, माझा प्रवास" एवढंच लिहून भागत नाही. संपादकाचं नाव आणि आवृत्तीचं साल हवंच. संपादकाचं नाव ही औपचारिकता आहे असं समजू नका. तुम्ही जे वाक्य उद्धृत करताय, त्यात त्या माणसाचा हात असू शकतो, आणि तुमच्या वाचकाला ते कळण्याचा हक्क आहे.

तुमच्या विषयातलं एखादं प्रवासवर्णन आता काढा आणि त्याच्या चार तारखा लिहून बघा. एखादी तारीख सापडत नसेल, तर तुमचं काम तिथूनच सुरू होतं.